मदत हवी आहे : तुणतुणे-संबळाच्या साथीला कोणत्या सिंथसायझरचा आवाज बसेल?

नमस्कार मंडळी,

मी नांदेड जिल्ह्यात राहतो आणि आमच्या भागातील गोंधळी कलावंतांना कीबोर्डवर साथ करतो. गोंधळात तुणतुणे आणि संबळ यांच्या खाली खर्जातला षड्ज-पंचम सलग धरून ठेवता यावा, यासाठी एक हार्डवेअर सिंथसायझर घ्यायचा विचार आहे. कीबोर्डमधला तयार तानपुरा रेकॉर्ड केलेल्या तुकड्याचाच असल्यामुळे तो कुठे संपून पुन्हा सुरू होतो, हे कान देऊन ऐकणाऱ्याला लगेच कळते. मला सावकाश हलणारा, जिवंत स्वर हवा आहे.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला बेहरिंगर मॉडेल डी. तो 1970 च्या मिनीमूगवर आधारलेला असून त्यात तीन ऑसिलेटर, म्हणजे मूळ स्वर निर्माण करणारे भाग, आहेत. एका वेळी एकच पट्टी वाजत असली, तरी एक ऑसिलेटर पंचमावर लावून ठेवला की त्या एका पट्टीतून षड्ज-पंचम दोन्ही मिळतात. शिवाय कीबोर्डवरचा पंचम शुद्ध पंचमापेक्षा सुमारे 2 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो. इथे तो कानाने ऐकून नेमका जुळवता येतो, आणि सलग स्वरात हा एवढासा फरकही जाणवतो. त्याचा लॅडर फिल्टर (वरचे नाद गाळणारा भाग) ऑक्टेव्हमागे, म्हणजे दर सप्तकाला, 24 डेसिबलने वरचे नाद कापतो आणि रेझोनन्स (कापण्याच्या सीमेवरचा नाद उठावदार करणे) वाढवला की खालचा भरीवपणा कमी होतो. हा त्याचा दोष समजला जातो. पण संबळाचा घुमारा त्याच खालच्या भागात असल्याने आमच्यासाठी तो गुण ठरेल, असे मला वाटते.

दुसरा कॉर्ग मिनिलॉग एक्सडी. त्यात चार स्वर एकत्र वाजतात, पण फिल्टर ऑक्टेव्हमागे 12 डेसिबलचा, म्हणजे सौम्य आहे, त्यामुळे वरचे नाद अधिक शिल्लक राहतात. ते तुणतुण्याच्या टणत्कारावर चढतील की त्याला धरून राहतील, हे मला ठरवता येत नाही. तिसरा यामाहा रीफेस डीएक्स, म्हणजे चार ऑपरेटरांचे एफएम (एका लहरीने दुसरीची कंप्रता हलवून स्वर घडवण्याची पद्धत; ऑपरेटर म्हणजे अशी एकेक लहर देणारा भाग). त्यात ऑपरेटरांचे प्रमाण पूर्णांकात ठेवले नाही, तर स्वर घंटेसारखा वाजू लागतो; फीडबॅक, म्हणजे ऑपरेटरची लहर त्याच्यातच परत सोडणे, वाढवत नेल्यास मात्र तारेच्या जवळ जाणारा करकरीतपणा मिळतो.

आमच्याकडे ही वाद्ये हाताळून पाहण्याची सोय नाही, आणि व्हिडिओंमध्ये रिव्हर्ब-कोरस (आवाज घुमवणारे आणि दाट करणारे इफेक्ट) इतका घातलेला असतो की वाद्याचा मूळ आवाज त्याखाली दबून जातो. म्हणून ज्यांच्याकडे यांपैकी एखादे वाद्य असेल, त्यांनी कृपया सर्व इफेक्ट बंद करून 110 हर्ट्झचा एकच स्वर धरावा, फिल्टर असल्यास तो बंद स्थितीपासून पूर्ण उघडेपर्यंत सावकाश फिरवावा, आणि ते रेकॉर्डिंग इथे द्यावे. दोन ऑसिलेटर किंचित बेसूर ठेवूनही एक नमुना मिळाला तर फार उपयोग होईल, कारण 110 आणि 110.5 हर्ट्झ एकत्र वाजले की दर दोन सेकंदांनी येणारी लाट प्रत्येक वाद्यात कशी ऐकू येते, तेच मला पाहायचे आहे. तुलना करताना सर्वांची पातळी मी सारखी करून घेईन, कारण मोठा आवाज कानाला सहसा अधिक चांगला वाटतो.

आणखी एक प्रश्न : मिनिलॉगमध्ये स्वर आपोआप जुळवून घेण्याची सोय आहे, मॉडेल डीमध्ये नाही. एप्रिल-मे महिन्यांत मांडवातल्या उकाड्यात ज्यांनी ॲनालॉग (थेट विद्युतमंडलातून स्वर काढणारे) वाद्य वाजवले आहे, त्यांचा स्वर कितपत हलला आणि कार्यक्रम चालू असताना त्यांनी तो कसा सांभाळला?