मदत हवी आहे: कोंबड्यांची पिसं झडतायत आणि कोंबडा आवरत नाही

मंडळी, आम्ही मनोरीला राहतो. घरामागे सासूबाईंच्या पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. पाऊस सरला तशी दोघींची पिसं जायला लागली. अंडी जवळपास बंद. खाणंपिणं मात्र नेहमीसारखं.

थोरली तांबडी आहे, तिची आधी मानेवरची पिसं गेली, मग पाठीची, आता शेपटीची. त्या जागी निळसर काटे फुटलेत. उचलायला गेलं की कळवळून ओरडते. करडीचं वेगळंच दिसतं. मान, शेपूट शाबूत. फक्त पाठ उघडी, डोक्यामागची पिसं अर्धवट तुटलेली आणि पंखाखाली ओरखडा. काटे कुठेच नाहीत. कोंबडा जवळ आला की भिंतीला चिकटून बसते, दाणे टाकले तरी येत नाही.

कोंबडा वर्षाचा आहे. सासूबाई पाठमोऱ्या झाल्या की पायावर झेप घेतो, परवा पोटरीतून रक्त काढलं. घरात धाकटा नुकता चालायला लागलाय, त्याची फार धास्ती वाटते. शेजारी म्हणतात कापा. पण त्याला पिल्लापासून वाढवलाय, कापायचा नाही.

दोघींना एकच झालंय का? खायला काय देऊ, सुकट चालेल? आणि कोंबड्याचं काय करू?

प्रतिसाद:

ताई, दोघींचं एक नाही. तांबडी पिसं बदलतेय. दिवस लहान व्हायला लागले की मोठ्या कोंबड्या जुनी पिसं टाकतात. नव्या काट्यांत रक्त असतं म्हणून हात लागला की दुखतं. दोन-तीन महिने जातील, तोवर अंड्यांची आशा धरू नका. पिसं म्हणजे बहुतेक सगळी प्रथिनंच, त्यामुळे नुसत्या तांदूळकणीवर भागत नाही. लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, साधारण १६ टक्के प्रथिनं असतात. सध्या १८ ते २० टक्क्यांचं खाद्य द्या. सुकट चालेल, पण भिजवून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन मीठ काढा आणि थोडीच घाला.

करडीला कोंबड्याचा त्रास आहे. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या लागतात. कमी असल्या की तो एखादीवरच सारखा चढतो, पंज्यांनी पाठ सोलून निघते. तुटलेली पिसं लगेच भरून येत नाहीत, खुंट पुढच्या वेळी गळतील तेव्हाच नवी येतात. ओरखडा पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावा आणि रोज बघा, माशी बसली तर अळ्या पडतात. खोल असेल तर परळच्या बाई साकरबाई या प्राण्यांच्या रुग्णालयात न्या. रात्री टॉर्च घेऊन खुराड्याच्या फटीही बघा, गोचिडी नि पिसवा तिथेच दडतात.

कोंबड्याला आजच जाळीपलीकडे ठेवा, कोंबड्या दिसतील असा. दाणे टाकायला जाताना पाठ करू नका, पळू नका, लाथही मारू नका. त्याने तो आणखी चवताळतो. हातात सूप धरून सावकाश पुढे सरका, तो बाजूला होईपर्यंत थांबा. पायामागचा काटा अणकुचीदार असेल तर फक्त टोक कानशीने बोथट करा, खाली रक्त असतं. काही कोंबडे एवढं करूनही सुधारत नाहीत, म्हणून धाकट्याला त्याच्या आसपास अजिबात सोडू नका. जाळीला कडी मात्र बाहेरून आणि उंचावर लावा.