टेस्ट नापास, तरी बिल्ड हिरवा: $? मध्ये शून्य येतंच कसं?

प्रश्न
काल रात्रीच्या बिल्डमध्ये तीन टेस्ट पडल्या आणि तरी खूण हिरवी. पॅकेज पुढच्या सर्व्हरवर गेलंसुद्धा! सकाळी मी सहज लॉग उघडला म्हणून कळलं. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट -ई आहे, म्हणजे कमांड पडली की स्क्रिप्ट थांबायला हवी. खाली हे:

मेक टेस्ट | टी बिल्ड.लॉग
इको "टेस्ट संपल्या"
इफ [ $? -एनई ० ], देन एक्झिट १, फाय

यात थांबायला हवं होतं ना?

उत्तर
तुम्ही तपासताय तो इकोचा एक्झिट कोड (० म्हणजे यश, बाकी काहीही म्हणजे अपयश). $? मध्ये फक्त लगेच आधीच्या कमांडचा निकाल असतो. पण इको काढलात तरी शून्यच येईल, कारण पाइपलाइनचा, म्हणजे | ने जोडलेल्या कमांडचा, कोड म्हणजे शेवटच्या कमांडचा, इथे टीचा. टीने फाइल नीट लिहिली; मेकचं काय झालं हे त्याला ठाऊक नाही. सेट -ईसुद्धा त्यामुळेच गप्प राहिलं.

वर सेट -ओ पाइपफेल घाला, म्हणजे पाइपलाइनमधली कुठलीही कमांड पडली तरी तिचं अपयश कोडमध्ये दिसेल, आणि ती इफची ओळ उडवा. तिथलं एक्झिट १ मूळ कोड गाडून टाकतं, आणि तो कोड फार कामाचा असतो: १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही, १३७ म्हणजे १२८ अधिक ९, कुणीतरी प्रोसेस मारली, बऱ्याचदा मेमरी संपल्यामुळे.

स्क्रिप्ट कुठल्या शेलने चालवायची ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीत एसएच असेल तर बॅश करा. पाइपफेल पॉझिक्समध्ये, म्हणजे शेलच्या मानकात, २०२४ सालीच आलं, जुन्या डॅशला (बऱ्याच ठिकाणी एसएच म्हणजे हाच शेल) ते कळत नाही.

आणखी एक उत्तर
फंक्शनमध्ये लोकल आवृत्ती=$(गिट डिस्क्राइब) असं लिहिलंय का तेही बघा. तिथे कोड मिळतो तो लोकलचा, म्हणजे शून्य. माझे यात दोन दिवस गेले. गिट पडत होतं आणि पॅकेजच्या नावात आवृत्तीची जागा रिकामी. लोकल एका ओळीत, किंमत दुसऱ्या ओळीत. आणि फंक्शन इफमध्ये किंवा || (आधीची कमांड पडली तरच पुढची चालवा) च्या आधी बोलावलं तर त्याच्या आत सेट -ई चालतच नाही.

प्रश्नकर्ती
पाइपफेल घातलं. आता बिल्ड भलतीकडेच थांबतोय:

ग्रेप वॉर्निंग बिल्ड.लॉग | डब्ल्यूसी -एल

लॉगमध्ये एकही वॉर्निंग नाही, हीच तक्रार! पुढे || ट्रू लावू?

उत्तर
नको, कृपा करून नको. ग्रेपला मजकूर सापडला तर ०, नाही सापडला तर १, फाइलच वाचता आली नाही तर २. || ट्रू तो २ पण गिळेल. मोजायचंच आहे तर डब्ल्यूसी कशाला?

ग्रेप -सी वॉर्निंग बिल्ड.लॉग || [ $? -ईक्यू १ ]

१ चालेल, २ वर स्क्रिप्ट थांबेल. डिफचंही असंच: फरक असला की १, खरी अडचण आली की २.

प्रश्नकर्ती
आत्ता पुन्हा चालवला. त्याच तीन टेस्टवर बिल्ड लाल, कोड २, तो मेकचाच. पॅकेज तयारच झालं नाही.