मदत हवी आहे: टिपमन ९८ ला एचपीए टाकी जोडायला कोणता अ‍ॅडॅप्टर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही मिशिगनला असतो. लेकाला पेंटबॉलचा नाद लागलाय. ओळखीतल्या एका मुलाने कॉलेजला जाताना आपला टिपमन ९८ कस्टम मार्कर (पेंटबॉलची बंदूक) त्याला देऊन टाकला, सोबत २० औंसाची सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) टाकी. मार्कर ठणठणीत आहे, पण आमच्या इथल्या मैदानावर सीओटू भरून देत नाहीत, फक्त एचपीए (उच्च दाबाची हवा). शिवाय थंडीत सीओटूचा दाब पडतो आणि गोळी समोरच्यापर्यंत पोचतच नाही, हे लेकाचं रडगाणं आहेच.

४८/३००० ची (४८ घनइंच, ३००० पीएसआय दाबाची) अ‍ॅल्युमिनियमची टाकी घ्यायचं ठरतंय. (६८/४५०० कार्बन फायबरची छान हलकी असते, पण किंमत बघून मी ती खिडकी बंद केली.) दुकानदार म्हणाला "अ‍ॅडॅप्टर लागेल" आणि त्याने तीन वेगवेगळ्या वस्तू पुढ्यात ठेवल्या. तिन्हींना अ‍ॅडॅप्टरच म्हणत होता! सध्या मुठीखाली दोन स्क्रूंनी बसवलेला एक तुकडा आहे, त्यात टाकी फिरवून बसते आणि तिथून स्टीलची जाळी असलेली नळी पुढे जाते. हे सगळं बदलावं लागेल का? की दुकानदार गिऱ्हाईक बघून बोलतोय?

– माईची_लुडबुड

प्रतिसाद: आटेवाला

माई, आधी खिशातून हात बाहेर काढा. मुठीखालचा तो तुकडा म्हणजेच एएसए (एअर सोर्स अडॅप्टर, टाकी बसवायचा जोड). पेंटबॉलच्या सीओटू आणि एचपीए टाक्यांचे आटे सारखेच असतात, त्यामुळे नवी टाकी आहे त्यातच बसेल. फक्त टाकीच्या रेग्युलेटरचं आउटपुट बघा. ८०० ते ८५० पीएसआयवालीच घ्या. ४५० ची 'लो प्रेशर' टाकीही तशीच बसते, पण तेवढ्या दाबावर टिपमन धड चालत नाही.

थंडीबद्दल लेक बरोबर बोलतोय. सीओटू टाकीत द्रवरूपात असतो, म्हणून दाब तापमानावर ठरतो: २१ अंश सेल्सियसला सुमारे ८४० पीएसआय, शून्याला ५०० च्या आसपास. एचपीएत रेग्युलेटर दाब बांधून देतो.

आता त्या तीन वस्तू. माझ्या अंदाजाने एक साधा एएसए (तो तुमच्याकडे आहे), एक ऑन-ऑफ एएसए आणि एक रिमोटचा (टाकी मार्करपासून वेगळी ठेवून नळीने जोडायचा). घ्यायचाच तर ऑन-ऑफ घ्या. साध्या एएसएतून टाकी काढताना आत दाब असतो आणि टाकीच्या तोंडाची ओ-रिंग (हवा अडवणारी गोल कडी) फाटते. ऑन-ऑफमध्ये बटण फिरवून हवा आधी सोडता येते. नाहीतर ०१५ मापाच्या युरेथेनच्या ओ-रिंग्जचं पाकीट आणून ठेवा, काही डॉलरचं काम. मी स्वतः हेच केलं असतं.

प्रतिसाद: दुपारची_भाकरी

पोरगा किती वर्षांचा? अ‍ॅल्युमिनियमची टाकी मार्करला लटकली की लहान हात दिवसभरात दुखून येतात. रिमोटमध्ये टाकी पाठीवरच्या पाऊचमध्ये राहते, गुंडाळी नळी मार्करपर्यंत येते. त्याचा अ‍ॅडॅप्टर एका बाजूने टाकीच्या तोंडासारखा असतो, तो आहे त्याच एएसएत फिरवायचा. दुसऱ्या टोकाला क्विक डिस्कनेक्ट (चटकन सुटणारा जोड). काही खोलावं लागत नाही. नळी झुडपात अडकते, हे मात्र खरं.

माईची_लुडबुड

१४ वर्षांचा आहे, चांगला दांडगट. पाठीवर नळी म्हटल्यावर "मी काय पाणबुड्या आहे का" म्हणाला. तेव्हा ऑन-ऑफ. तो बसवताना टेफलॉन टेप लावायची का? आमचे हे प्लंबिंगची पेटी घेऊन तयारच बसलेत.

प्रतिसाद: आटेवाला

नळीच्या १/८ एनपीटी (पाइपाच्या निमुळत्या) आट्यांना लावा, पहिला आटा मोकळा सोडून. टाकीच्या आट्यांना अजिबात नको, तिथे ओ-रिंगच हवा अडवते. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजून मगच एएसए मागवा. काही ऑन-ऑफ आधी पट्टी बसवून तिच्यावर सरकवायचे असतात, तेव्हा पट्टी सोबत येते का तेही विचारा.

आणि एक गोष्ट तुमच्या ह्यांना नक्की सांगा. टाकीचा व्हॉल्व्ह आणि टाकी यांच्या सांध्यावर नेलपॉलिशची एक उभी रेघ ओढून ठेवा. टाकी काढताना रेघ तुटलेली दिसली तर तिथेच थांबायचं, कारण एएसएऐवजी व्हॉल्व्हच टाकीतून सुटतोय. तसा सुटला तर टाकी बंदुकीच्या गोळीसारखी उडते, माणसं दगावली आहेत त्यात. टाकी जुनी घेणार असाल तर तिच्यावरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची) तारीख वाचा. पाच वर्षं उलटली असतील तर मैदानावर भरून देणार नाहीत.