एअर गनचा अक्रोडाचा दस्ता: नक्षी उठवायची आहे, पण तेल वाळत नाही

धरमपेठकर
नमस्कार मंडळी. जुन्या एअर गनचा अक्रोडाचा दस्ता आहे. मूळचं व्हार्निश रिमूव्हरने काढलं, २२० नंबरच्या सँडपेपरपर्यंत घासलं. ओलं फडकं फिरवलं की मुठीपासून मागच्या टोकापर्यंत काळसर लाटा उठतात. वाळलं की सगळं राखाडी. इतवारीतून घाणीचं जवस तेल आणून तीन हात दिले, आठ दिवस झाले तरी बोट चिकटून राहिलं. पावसाने असेल का? पॉलिशवाले म्हणतात, भरण करून (म्हणजे लाकडाची रंध्रं पुडीने बुजवून) लाख मारू. मारू देऊ का?

रंधा
भाऊ, पावसाने उशीर होतो, पण खरं कारण तेल आणि त्याची जाडी. जवसाचं तेल उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. घाणीच्या कच्च्या तेलाला त्यासाठी आठवडे लागतात, आणि थर जाड असला की वर साय धरते, खाली तेल तसंच राहतं. रंगाच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड घ्या. त्यात वाळवणारे क्षार घातलेले असतात. घरी उकळून ते जमत नाही, उलट आग लागायची.

आत्ताचा चिकटा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढा. दोन दिवस वाळवून ठोकळ्यावर २२० आणि ३२० फिरवा, रेषेच्या दिशेनेच. आडवा ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही, तेल लागलं की काळा उठतो. मग ओलं फडकं फिरवून वाळू द्या, उभे राहिलेले लाकडाचे तंतू ३२० ने हलकेच कापा. असं दोनदा.

पहिला हात बॉइल्ड तेल आणि टर्पेंटाइन समसमान. पंधरा-वीस मिनिटांनी पुसून घ्या, कोरड्या फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत. पुढचे हात निव्वळ तेलाचे. एका हाताला चहाचे दोन चमचे पुरतात. उन्हाळ्यात २४ तासांनी, आता तीन दिवसांनी. सहा ते आठ हात धरा.

भरण मुळीच करू देऊ नका. खडूची पूड आणि पिवडी रंध्रांत बसली की लाटांवर धुकं येतं, आणि ती पुन्हा निघत नाही. रंध्रं त्याच लाकडाच्या पुडीने भरा: तिसऱ्या हातापासून तेल ओलं असतानाच ४०० चा वॉटर पेपर गोल फिरवायचा, होणारा चिखल आडवा पुसून रात्रभर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी वरचा थर घासून उतरवायचा. अक्रोडाला असे तीन-चार फेरे लागतात.

चपडा
वरच्या सगळ्याशी सहमत. रंगाचं मात्र राहिलं. इंग्लिश बंदुकांच्या दस्त्यांवरची लालसर झाक अल्कानेटच्या मुळीची असते. आपल्याकडे मसाल्याच्या दुकानात रतनजोत मिळते, तिचा रंगही त्याच जातीचा. हा रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. २५ ग्रॅम मुळी २५० मिली तेलात दोन आठवडे भिजवा, रोज हलवा, कापडातून गाळा. फक्त पहिल्या दोन हातांना वापरा. फिकट भाग उबदार होतो, काळ्या रेषा काळ्याच राहतात. आधी बट प्लेटखाली (दस्त्याच्या मागच्या टोकावरच्या पट्टीखाली) लावून बघा. तिथे आडवा छेद असल्याने रंग जास्तच गडद येतो, तेवढा वजा धरा.

चेकरिंग (पकडीसाठी कोरलेल्या आडव्या-उभ्या खाचा) असेल तर तिथे टूथब्रशने अगदी थोडं तेल, नाहीतर खाचा बुजतात. स्टील वूल पाण्यासोबत कधीच नको: लोखंडाचा कण आणि अक्रोडातलं टॅनिन मिळून निळे-काळे ठिपके पडतात.

धरमपेठकर
कळलं, भरण रद्द. दुसरा दस्ता शिसमाचा आहे, त्यालाही हेच चालेल?

चपडा
नाही. शिसमातले घटक तेलाला वाळूच देत नाहीत, महिनाभर चिकट राहील. तिथे मेण काढलेला चपडा (लाखेच्या पापड्या), ३० ग्रॅम ३०० मिली स्पिरिटमध्ये, पातळ पाच-सहा हात. दमट दिवशी मारू नका, पांढरट पडतो.

रंधा
महत्त्वाचं: तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळा आपोआप पेटतो. दोरीवर सुटी पसरून कडक होऊ द्या, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. आणि दस्ता उन्हात ठेवून वाळवायची घाई नको. आतलं तेल तापून रंध्रांतून घामासारखं बाहेर येतं आणि ते थेंब तसेच वाळले की खरवडावे लागतात.