आफ्रिकन व्हँपायर कथेकऱ्यांचं कुळ बनवतोय, बॅकस्टोरी पोकळ वाटतेय, मदत करा

फासेवाला_प्रतापनगर

आम्ही मित्रमंडळी शनिवारी रात्री प्रताप नगरला एकाच्या गच्चीवर फासे टाकून रोलप्लेइंग गेम खेळतो, गेममास्टर, म्हणजे गोष्ट रचून खेळ पुढे नेणारा, मी. गेम व्हँपायरांचा आहे पण घरगुती, रूल्स इकडून तिकडून जमवलेले. आजवर सगळे व्हँपायर म्हणजे किल्ला, काळा कोट, हातात लाल ग्लास असलेच होते, सगळे कंटाळले. तर आता नवीन कुळ आणायचंय: आफ्रिकेत भटकणारे व्हँपायर, गावोगाव फिरतात, रात्री गोष्टी सांगतात आणि बिदागी म्हणून ऐकणाऱ्याचं थोडंसं रक्त घेतात, मारत नाहीत.

आयडिया सगळ्यांना आवडली पण लिहायला बसलं की "एक गाव, शेकोटी, ढोल वाजतायत" याच्या पुढे गाडी जातच नाही. आमच्यातली एक जण इतिहासात एमए करतेय, तिने सरळ विचारलं की आफ्रिकेतलं गाव म्हणजे सेनेगलमधलं की झांबियामधलं. आता प्रश्न रास्तच आहे.

तर मला हवंय ते असं: तिथे खरे भटके कथेकरी कोण आहेत, तिथल्या लोककथांत रक्त पिणारं काही आहे का की मी युरोपातलं भूत उचलून तिकडे नेऊन ठेवतोय, आणि या कुळाची कमजोरी काय ठेवू. लसूण सोडून सांगा, सावजीच्या गावात लसणाला घाबरणारा व्हँपायर दोन दिवस टिकणार नाही.

महालचा_पोथीवाला

एमएवाल्या ताईंना माझा नमस्कार सांगा, आधी नकाशावर बोट ठेवायचं हे अगदी बरोबर. मी असतो तर माली, गिनी, सेनेगल हा पट्टा धरला असता. तिथे कथेकऱ्यांची घराणीच आहेत, बाहेरचे लोक त्यांना ग्रिओ म्हणतात, मांडे लोक जेली म्हणतात. कुयाते, जाबाते, सिसोको ही त्यांची आडनावं, आजही चालू. विद्या घराण्यात मुलांकडे जाते, घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ, लग्नाबारशाला स्तुती गायची आणि दोन घरांत भांडण लागलं की मध्यस्थीही यांनीच करायची. कोरा वाजवतात, ती म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणून केलेली 21 तारांची वीणाच म्हणा, शिवाय लाकडी पट्ट्यांचा बालाफोन असतो. म्हणजे ढोल आणि शेकोटी आजच काढून टाका.

आता तुमच्या कामाचा माणूस. 13व्या शतकात सोसोचा राजा होता सुमांगुरू कांते, त्याला सुंजाता केइताने किरीनाच्या लढाईत हरवलं, साधारण 1235 साल, आणि माली साम्राज्य उभं राहिलं. कथेत हा सुमांगुरू मोठा जादूगार आहे, त्याची एक गुप्त खोली, आत माणसांच्या कवट्या मांडलेल्या, आणि तिथे एक बालाफोन ज्याला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सुंजाताचा ग्रिओ बाला फासेके त्या खोलीत शिरतो आणि बालाफोन वाजवायला बसतो. सुमांगुरूला लांबूनच कळतं, तो धावत येतो मारायला, पण ग्रिओ तिथल्या तिथे त्याच्याच स्तुतीचं गाणं रचून म्हणतो आणि राजा इतका खूश होतो की त्यालाच स्वतःचा ग्रिओ म्हणून ठेवून घेतो. साधी शस्त्रं या राजाला लागत नाहीत, पांढऱ्या कोंबड्याच्या पायाचा काटा लावलेला बाण नुसता घासून गेला तरी सगळी ताकद संपते. लढाईनंतर तो पळतो आणि कूलिकोरोच्या डोंगरात नाहीसा होतो, मेला असं कथा म्हणत नाही. अजून काय पाहिजे गेममास्टरला?

आणि तो बालाफोन गिनीतल्या न्यागासोला गावात कुयाते घराण्याने आजही सांभाळून ठेवलाय, 2001 मध्ये युनेस्कोने त्या परंपरेचा मान केला. तेव्हा कमजोरी तुम्हाला आयतीच मिळाली, पांढरा कोंबडा. फक्त एक विनंती, व्हँपायरांना ही खरी आडनावं देऊ नका, जिवंत घराणी आहेत ती.

बर्डीवाला_बंटी

काऊन बे एवढं दूर जाऊन राहिला, आपल्याकडे वेताळ नाही का. झाडाले उलटा लटकते, खांद्यावर घेतलं का गोष्ट सांगते, अन राजा बोलला का फुर्र परत झाडावर. पंचवीस गोष्टी तयार आहेत तुह्या. मले वाटते रूल असा ठेव का गोष्ट चालू असताना ज्यानं मधात तोंड उघडलं त्याचं रक्त गेलं. मग पाह्य कशी शांतता राहते टेबलावर, आमच्या ग्रुपमधे तर अर्धे पहिल्याच मिनिटात मरतीन 😂

कोळ्याचं_जाळं

बंटीभाऊ आयडिया भारी, पण हे कुळ त्या पट्ट्यात फिरणार असेल तर रूल बरोबर उलटा करावा लागेल. घानातले अशांती लोक अनान्सीच्या गोष्टी सांगतात, अनान्सी म्हणजे तो लबाड कोळी, ज्याने आकाशदेव न्यामेकडून जगातल्या सगळ्या गोष्टी विकत घेतल्या, किंमत म्हणून अजगर, बिबट्या, गांधीलमाश्यांचं पोळं आणि एक जंगलातली परी पकडून दिली. तर तिथे गोष्ट चालू असताना ऐकणाऱ्यांनी मध्येच उठून गाणं सुरू करायचं अशी पद्धतच आहे, त्या गाण्याला म्मोग्वो म्हणतात. कथेकरी थांबतो, सगळे गातात, टाळ्या होतात, मग पुढे. तुमच्या गेममध्ये हेच संरक्षण ठेवा ना. जोवर कुणीतरी मध्ये गाणं टाकतंय तोवर व्हँपायर नुसता कथेकरी आहे, सगळे मंत्रमुग्ध होऊन गप्प झाले की संपलं. प्लेयर्सना गप्पही बसता येणार नाही आणि फोनही बघता येणार नाही, कारण गाणं कुणी टाकायचं हा प्रश्न दर पाच मिनिटांनी येणार.

शिवाय या गोष्टी जुन्या रिवाजाप्रमाणे अंधार पडल्यावरच सांगायच्या, दिवसा नाही. म्हणजे तुमचे लोक फक्त रात्रीच का येतात असं गावात कुणी विचारणारच नाही! आणि सुरुवातीलाच कथेकरी म्हणून मोकळा होतो की आम्ही सांगतोय ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही. व्हँपायरच्या तोंडी हे वाक्य टाकून बघा.

रक्त पिणाऱ्यांचं विचारलंत, ते आहेत की. घाना-टोगोतल्या एवे लोकांचा आद्झे, काजव्याच्या रूपात दाराच्या फटीतून आत येतो, पकडला तर माणूस होतो. अशांतींच्या जंगलात असान्बोसाम, झाडावर बसलेला, लोखंडी दात, पायांना आकडे, खालून जाणाऱ्याला उचलतो. दक्षिणेला झुलू आणि खोसा लोकांचा इम्पुंडुलू आहे, विजेचा पक्षी, पण तो हजारो किलोमीटर लांब, त्याला यात कोंबू नका. युरोपातून काहीच उचलायची गरज नाही.

गोंडपिपरीचा_पाहुणा

वर सगळं छान लिहिलंय पण मला जे खटकलं ते वेगळंच आहे. कथेकरी असा कुणाचाच नसलेला, नुसता भटकणारा नसतो. आपल्याकडचे परधान बघा, गोंडांचे पिढीजात गायक, बाना हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य खांद्याला लावून आपल्या ठरलेल्या यजमानांच्या दारी जायचे, बडादेवाची आणि त्या घराच्या पूर्वजांची गाणी म्हणायचे, दान घ्यायचे. माझ्या आजोबांच्या गावी एक म्हातारा परधान यायचा, बान्याचा गज दोरीने गुंडाळून बांधलेला, आणि तो आधी ओसरीवर बसून घरात यंदा कोण गेलं कोण जन्मलं हे विचारून घ्यायचा, मगच गाणं. ग्रिओचंही हेच नातं, यजमान घराणं आणि गायक घराणं जोडीने चालतात. तर तुमच्या प्रत्येक व्हँपायरला एक यजमान घराणं द्या, तो भटकतो तो त्या घराच्या पांगलेल्या फांद्या शोधत, आणि रक्त त्याच घराचं घेतो, दुसऱ्याचं चालतच नाही. घर संपलं की तोही संपला. आपोआप त्याला त्या घराची काळजी घ्यावी लागते आणि ते फार मजेशीर होतं, कारण पोरांची लग्नं जमवणं हेही मग त्याचंच काम.

दुसरं, जिवंत ग्रिओ तुमच्या व्हँपायरांचा द्वेष करणार. गोष्ट मुलाला द्यायची आणि आपण जायचं यावर त्यांची सगळी परंपरा उभी आहे. हा मरतच नाही, म्हणून देतही नाही. वर "मी तिथे होतो, तुमचा राजा असं बोललाच नव्हता" म्हणणारा साक्षीदार कुणाला हवाय?

राहायची जागा पण सांगतो. सेनेगलमध्ये सेरेर लोक ग्रिओला जमिनीत पुरत नसत, गोरखचिंचेच्या पोकळ बुंध्यात ठेवत, काही झाडांत अजून कवट्या आहेत. शवपेटीचं काम झाडच करतंय. मांडूला गेला असाल तर तिथल्या गोरखचिंचा पाहिल्याच असतील, आत माणूस सहज मावेल एवढा घेर.

बर्डीवाला_बंटी

अरे बाप, म्हणजे आमचा वेताळ अन तुमचा ग्रिओ दोघं बी झाडातच राहते का. मग माह्यं कुठं चुकलं 😂

फासेवाला_प्रतापनगर

मंडळी कमाल आहे, एका रात्रीत एवढं. ठरलं असं: सेनेगल ते गिनी पट्टा, यजमान घराणं कंपल्सरी, गोरखचिंच फायनल, म्मोग्वोचा रूल अशांतींकडचा असला तरी घेतोय, कुळातली एक म्हातारी घानाहून फिरत फिरत आलेली दाखवतो, तिनेच तो आणला. पांढरा कोंबडाही घेतोय पण सुमांगुरूला व्हँपायर नाही करत, त्याचा एक नोकर, ज्याने त्या खोलीतलं बालाफोन दाराबाहेरून ऐकलं, तो पहिला पूर्वज.

एकच अडलंय. यजमान घराण्यातली मुलगी हे एका प्लेयरचं कॅरेक्टर आणि व्हँपायर दुसऱ्याचं, तर तो व्हँपायर आहे हे तिला सुरुवातीपासून माहीत असावं की नाही? एमएवाली म्हणते माहीत असावं आणि तिनेच दर वर्षी हिशेब मागावा, बाकीचे म्हणतात सस्पेन्स जाईल.

गोंडपिपरीचा_पाहुणा

माहीत असू द्या. हिशेब मागणारी यजमानीण कुठल्याही सस्पेन्सपेक्षा जास्त डेंजर.