३२ आठवड्यांचं बाळ, सीपॅप काढून पुन्हा लावला. बडोद्यातच थांबावं की अहमदाबादला हलवावं?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

गेल्या शुक्रवारी माझ्या ताईला बडोद्यात मुलगा झाला. बीपी फार चढलं म्हणून ३२व्या आठवड्यात तातडीने सिझेरियन करावं लागलं. वजन १५४० ग्रॅम. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला देतात त्या स्टेरॉइडचा एकच डोस झाला होता. जन्मल्यावर रडला, पण अर्ध्या तासात कण्हायला लागला. दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायची. ते कण्हणं अजून कानातून जात नाही.

लगेच बबल सीपॅप लावला, म्हणजे नाकातल्या नळ्यांतून सतत हलक्या दाबाने हवा देतात आणि हवेच्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं. त्याच दिवशी बारीक नळीतून श्वासनलिकेत सरफॅक्टंट (फुप्फुसं उघडी राहायला मदत करणारं औषध) सोडलं, व्हेंटिलेटर लागला नाही. कॅफीनही चालू आहे. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन ४० टक्क्यांवरून २५ वर आला आणि काल सकाळी सीपॅप काढला. दांडिया बाजारातल्या घरी फोन करून सगळ्यांना सांगूनही झालं. रात्री नऊच्या सुमारास त्याचा श्वास दोनदा थांबला, हृदयाचे ठोके उतरले आणि नळ्या पुन्हा नाकात.

तेव्हापासून घरात एकच घोर. ताईच्या सासूबाई म्हणतात, "पाण्याची बाटली लटकवून काय होणार? अहमदाबादला न्या, मोठं मशीन लावा." मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९२-९३ दिसतं, ते १०० का करत नाहीत, म्हणून त्या सिस्टरबेनशी भांडल्याही. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, त्यांनी स्वतःचं एक बाळ असंच गमावलंय. पण एवढ्याशा जिवाला शंभरावर किलोमीटर अँब्युलन्समधून न्यायचं, या कल्पनेनेच माझे हातपाय गार पडतात. ताईला टाके आहेत, तिला यातलं निम्मंच सांगितलंय.

ती बाटली मी तासभर बघत बसले होते. सेंटिमीटरच्या खुणा आहेत, नळीचं टोक ५ वर बुडवलेलं. मध्येच बुडबुडे थांबले. सिस्टरबेनने येऊन त्याची टोपी सारखी केली, उघडं पडलेलं तोंड हनुवटीखाली बोट धरून अलगद मिटवलं, की परत बुडबुडे सुरू. दोन नाकपुड्यांमधला पडदा मात्र लालसर झालाय. ते बघवत नाही.

पुन्हा सीपॅप लागणं म्हणजे प्रकृती बिघडली असं समजायचं का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, मी ग्वाल्हेरला बरीच वर्षं नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका होते. एकदा काढून परत सीपॅप लावावा लागलेली कितीतरी बाळं याच हातांनी घरी पाठवली आहेत. या वयाचं बाळ श्वास घ्यायचं विसरतं, कारण मेंदूतली ती यंत्रणाच अजून कच्ची असते. कॅफीन त्यासाठीच. पण डॉक्टरांना आजच विचारा, की श्वास थांबण्यामागे जंतुसंसर्ग तर नाही ना, रक्त तपासलं का? पाचव्या दिवशी हे तपासायलाच हवं.

सासूबाईंना सांगा, ही बाटली जुगाड नाही. बाळ श्वास सोडतं तेव्हा फुप्फुसातले इवले फुगे मिटून चिकटतात, मग दर वेळी ते नव्याने उघडायचे म्हणजे बाळ थकून जातं. पाण्यात नळी ५ सेंटिमीटर बुडवली की तेवढा दाब कायम राहतो आणि फुगे मिटत नाहीत. नवजात बाळांना असा सतत दाब द्यायची पद्धत अमेरिकेत ग्रेगरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडली, आज जगभर वापरतात. घशात नळी न घालता भागत असेल तर ते बाळाच्या भल्याचंच.

आणि १०० चा हट्ट नको. ऑक्सिजनवरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे मॉनिटरवरचा तो आकडा, ९० ते ९५ मध्ये ठेवतात, जास्त ऑक्सिजनने डोळ्याच्या पडद्याला इजा होते. म्हणूनच जन्मापासून चार आठवड्यांच्या आत डोळ्यांची तपासणी होईल ना, हेही विचारून ठेवा. घरी जायच्या गडबडीत लोक नेमकं हेच विसरतात.

काळजी कधी करायची? ऑक्सिजनची गरज पुन्हा ४० च्या वर चढू लागली, कॅफीन असूनही श्वास वारंवार थांबून बॅगेने द्यावा लागला, छातीत हवा साठली, तर. तेव्हा तिथे व्हेंटिलेटरची आणि रात्री डॉक्टर हजर असण्याची सोय आहे का, हे आत्ताच विचारा. ती असेल तर हलवू नका, प्रवासात बाळ गारठतं. नसेल तर धावपळ व्हायची वाट न बघता डॉक्टरांशीच बोलून सोय ठरवा. नाकाचा लालपणा दर फेरीला दाखवा, प्रॉन्ग्ज, म्हणजे नाकातल्या त्या नळ्या, पडद्यावर टेकता कामा नयेत.

मूळ धागाकर्ती

खूप आभार, ताई. रक्ताचा पहिला रिपोर्ट ठीक आहे, कल्चरला (रक्तात जंतू वाढतात का ते बघायला) दोन दिवस लागतील. व्हेंटिलेटर आहे, रात्री डॉक्टरही असतात, त्यामुळे इथेच थांबतोय. ऑक्सिजन २३ वर आहे. प्रॉन्ग्ज बदलून थोड्या मोठ्या मापाच्या लावल्या आणि नाकाला पातळ पट्टी लावली. ताईने काढलेलं दूध दर दोन तासांनी ८ मिली नळीतून जातंय, ते पोचवायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय. पुन्हा सीपॅप काढतील तेव्हा इथे लिहीन.