पर्सेफनी पाताळात असते तेव्हा खरंच हिवाळा असतो का?

शिवारफेरी
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. ग्रीकांच्या डिमीटरची गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. ती धान्याची देवी, तिची मुलगी पर्सेफनी फुलं वेचत असताना पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून पळवतो, आई जग पालथं घालते, शेवटी पोरगी परत मिळते पण तिने खाली डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो त्यामुळे दरवर्षी काही महिने तिला खालीच राहावं लागतं. आणि मग सगळीकडे पुढचं वाक्य ठरलेलं, ती खाली गेली की आई दुःखात म्हणून हिवाळा आणि जमीन ओसाड.

पण घरात शेती आहे त्यामुळे मला हे पटतच नाही. ग्रीसमध्ये पाऊसच मुळात हिवाळ्यात पडतो. गहू, जव ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसावर पेरायचे, हिवाळाभर शेत हिरवं आणि मे-जूनमध्ये कापणी, म्हणजे चक्क रब्बी. शेत उघडंबोडकं आणि करपलेलं दिसणार ते जुलै-ऑगस्टात. मग पोरगी गायब असते ती उन्हाळ्यात की हिवाळ्यात? कुणी मूळ काव्य वाचलंय का?

जुनीवही
प्रश्न एकदम आवडला. मूळ गोष्ट होमरच्या नावावर असलेल्या डिमीटर-स्तोत्रात येते, साधारण इसपू ७व्या-६व्या शतकातलं. (जवळजवळ पूर्ण असं त्याचं एकच हस्तलिखित आज आहे आणि ते १७७७ साली मॉस्कोत सापडलं, ते हरवलं असतं तर आपण आज हे बोलत नसतो.) त्यात हिशोब असा आहे की वर्षाचा एक तृतीयांश भाग ती खाली आणि दोन तृतीयांश वर आईजवळ, आणि वर येणार ती वसंतातली फुलं फुलतात तेव्हा. म्हणजे कवीच्या मनात तरी हिवाळाच आहे. सात दाणे आणि सहा महिने हे नंतर रोमन कवी ओव्हिडकडे येतं.

पण आता गंमत बघा. स्तोत्रातला दुष्काळ थंडीने पडतच नाही! बैल नांगर ओढतायत, जव पेरला जातोय, पण डिमीटरने बी जमिनीतच दडवून ठेवलंय, एक कोंब वर येत नाही. आणि हे एकदाच घडतं, तिच्या रागाच्या त्या वर्षात. मुलगी खाली गेली की आई दरवर्षी जमीन नापीक करते असं स्पष्ट वाक्य स्तोत्रात नाहीच. मला तर ही हवामानाची गोष्ट वाटतच नाही. देवांचा राजा झ्यूस, त्याने बापाच्या अधिकारात मुलगी परस्पर देऊन टाकली, आईला विचारलंसुद्धा नाही, आणि आईच्या हातात जे होतं ते तिने बंद केलं. माणसं उपाशी मेली तर देवांना नैवेद्य कोण दाखवणार, ही भीती वाटली तेव्हा झ्यूस हलला. आधी देवांची दूती आयरिस हिला पाठवलं, मग एकेक करून सगळ्या देवांना, सगळे भेटवस्तू घेऊन आले, ही ढिम्म. पोरगी डोळ्यांनी दिसल्याशिवाय बी उगवणार नाही म्हणाली. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

मृगाचा_पाऊस
@शिवारफेरी तुमची शंका अभ्यासकांनाही आलेली आहे. मार्टिन निल्सन म्हणून स्वीडिश विद्वान होते, त्यांचं म्हणणं की पर्सेफनी म्हणजे कापणीनंतर जमिनीखालच्या कोठारात ठेवलेलं धान्य. आपल्याकडे पेव असायचं ना, हरिपूरला हळदीची होती, तसंच काहीसं. जूनमध्ये धान्य खाली जातं, शरदात पेरणीसाठी बाहेर येतं, मधले चार महिने रान कोरडं ठणठणीत. एक तृतीयांशाचा हिशोब बरोबर जुळतो, पण वसंतातल्या फुलांचं काय ते सुटत नाही, त्यामुळे सगळ्यांनी ते मान्य केलेलं नाही.

उन्हाळ्यात देव मरणं ही कल्पना मात्र त्या भागात खूप जुनी. सुमेरचा मेंढपाळ देव दुमुझी, अर्धं वर्ष तो पाताळात आणि अर्धं वर्ष त्याच्या जागी बहीण गेश्तिनान्ना. त्याच्या नावाचा महिना जून-जुलैत येतो, म्हणजे इराकचा जीवघेणा उन्हाळा, आणि तेव्हा बायका त्याच्यासाठी रडायच्या.

अंजिरी
यात हित्ती लोकांचा तेलिपिनू हवाच! आजच्या तुर्कस्तानात त्यांच्या राजधानीत, हत्तुशाला सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर त्याची कथा आहे. शेतीचा देव, कशावरून तरी इतका भडकतो की उजवा जोडा डाव्या पायात आणि डावा उजव्यात घालून तरातरा निघून जातो. मग चुली धुराने कोंदतात, मेंढी कोकराला जवळ घेत नाही, गाय वासराला घेत नाही, झरे आटतात. देव जेवायला बसतात तर पोटच भरत नाही. गरुडाला पाठवतात, त्याला सापडत नाही, शेवटी मधमाशी शोधून काढते आणि डंख मारून उठवते, तर तो अजूनच चिडतो! मग मंत्रतंत्र करून त्याचा राग काढावा लागतो.

इथे ऋतूंचा काही संबंध नाही बघा, दरवर्षी जातो वगैरे काही नाही. म्हणून मला जुनीवही यांचं पटतं.

शिवारफेरी
जोड्यांचं भारीच! पेवाचं पण डोक्यात बसलं. पण एक राहतंच, ग्रीक शेतकरी स्वतः पेरणीच्या वेळी डिमीटरचं काही करायचे का? कवी सोडा, ज्याच्या हातात नांगर आहे तो काय करायचा?

जुनीवही
करायचे की. जुना ग्रीक कवी हेसिअड सांगतो, कृत्तिका पहाटे मावळायला लागल्या की नांगर धरा आणि नांगराच्या मुठीला हात लावताना पाताळातल्या झ्यूसची आणि डिमीटरची प्रार्थना करा. आणि पेरणीच्या तोंडावर थेस्मोफोरिया नावाचा सण, फक्त बायकांचा, अथेन्समध्ये तीन दिवस चालायचा. मधल्या दिवशी उपास, जमिनीवर बसून. आधी खड्ड्यांत टाकलेल्या डुकराच्या पिल्लांचे कुजलेले अवशेष वर काढून वेदीवर ठेवायचे आणि ते बियाण्यात मिसळले की पीक चांगलं येतं अशी श्रद्धा. म्हणजे खाली गेलेलं वर काढायचा विधी ऑक्टोबरात, वसंतात नाही. तुमच्या शंकेला यातून बराच जोर मिळतो.